भांडण नेमकं कशावरून? विरोधी मताच्या माणसाशी धोरणांवर बोलण्याची रीत

गर्दीच्या भागात शिरणाऱ्या प्रत्येक खासगी गाडीवर शुल्क लावावं का? प्रश्न तसा रुक्ष. त्यात ना धर्म, ना इतिहास, ना कुणाचं दैवत. तरी दोन शहाण्या माणसांना त्यावर बोलायला बसवा. विसाव्या मिनिटाला एक म्हणेल, "तुम्हा लोकांना गरिबांची काही पडलेलीच नाही." दुसरा म्हणेल, "आणि तुम्हा लोकांना सगळं फुकट हवं." शुल्क राहतं बाजूला आणि समोरचा माणूस कुठल्या लायकीचा, यावर जुंपते.

अशा भांडणांत मी स्वतः पुष्कळदा अडकलोय. नंतर शांतपणे आठवू लागलो की दर वेळी एकच गोष्ट लक्षात येते: आमचा मतभेद नेमका कुठल्या मुद्द्यावर होता, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. तो मुद्दा शोधून काढणं हेच अशा बोलण्यातलं खरं काम. त्या कामाला बसलं की सभ्यपणा वेगळा आणावा लागत नाही. पुढचं सगळं त्या कामाच्या क्रमाने लिहिलंय आणि शुल्काचंच उदाहरण शेवटपर्यंत धरलंय. थंड विषयावर हात बसला की तापलेल्या विषयाला हात घालता येतो.

१. बसण्याआधी: हा वाद आहे की जल्प?

न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोघांनाही खरं काय ते शोधायचं असेल तर तो वाद. जिंकायचंच असेल आणि त्यासाठी शब्दच्छलही चालणार असेल तर तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त पाडायची असेल तर ती वितंडा. गंमत अशी, की यातला सर्वांत चांगला शब्द आपण मराठीत भांडणासाठी खर्च करून टाकला. वितंडवाद मात्र बराचसा मूळ अर्थ घेऊन टिकला, कदाचित रोज उपयोगी पडतो म्हणून.

आपण कशात उतरतोय हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: "माझं मत चुकीचं आहे हे मला कशाने पटेल?" याचं एखादं ठोस उत्तर असेल, म्हणजे "शुल्क लावूनही वाहतूक कमी झाली नाही असं दिसलं तर", तर खुशाल बसा. उत्तर "कशानेच नाही" असं येत असेल तर तुम्ही जल्पाला निघाला आहात. जल्पालाही जागा असते, प्रचारसभेत तर लागतोच. पण ज्या माणसाचं तोंड उद्या पुन्हा बघायचंय त्याच्याशी तो करू नये.

प्रेक्षक असले की वादाचा जल्प होतोच. चार जण ऐकत असताना "हो, हे तुमचं बरोबर आहे" म्हणायला जीव जड होतो. म्हणून पहिली काळजी अशी, की महत्त्वाचं बोलणं दोघांतच करायचं.

२. टाइप करू नका, बोला

शिकागो विद्यापीठाचे निकोलस एपली आणि बर्कलीच्या ज्युलियाना श्रोएडर यांनी सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये केलेले काही प्रयोग मला फार उपयोगी वाटतात. तापलेल्या राजकीय विषयांवर लोकांची मतं घेतली आणि ती विरोधी मताच्या लोकांपुढे ठेवली, कुणाला वाचायला दिली, कुणाला ऐकायला. ज्यांनी वाचली त्यांना लिहिणारा माणूस कमी विचारी वाटला. तेच म्हणणं आवाजात ऐकलं तेव्हा विचार करणारं माणूस समोर असल्याची जाणीव जास्त झाली. आवाजात थांबणं असतं, अडखळणं असतं, चढउतार असतात. मेसेजमध्ये यातलं काही पोचत नाही. आपण त्यात आपला स्वर भरून वाचतो, आणि तो सहसा कुजकट असतो.

मी हे अनुभवाने शिकलो. एका जुन्या मित्राला एकदा रात्री साडेअकराला अकरा मुद्द्यांचा मेसेज पाठवला होता. क्रमांक घातलेला, दुवे जोडलेला, अगदी बिनतोड. त्याचं उत्तर आलं: "बरं." पुढे चार महिने आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. मुद्दे सगळे बरोबर होते, असं मला अजूनही वाटतं, आणि त्याने काडीचा फरक पडला नाही.

लेखी वाद सुरू झालाच असेल तर बाहेर पडायला साधं वाक्य ठेवा: "हे टाइप करत बसलो तर मी वाकडं बोलल्यासारखं दिसेल. संध्याकाळी दहा मिनिटं फोन करू का?" गटात वाद पेटला असेल तर हेच वाक्य त्या एका माणसाला वेगळं पाठवायचं. गटावर "आपण खासगीत बोलू" असं जाहीर केलं की त्यालाही प्रेक्षक मिळतात.

३. मतभेद कुठल्या थरावर आहे ते शोधा

या लेखातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम, म्हणून इथे जरा थांबतो.

धोरणावरचा कुठलाही मतभेद सहसा चार थरांपैकी एकावर असतो. काय आहे, म्हणजे वस्तुस्थिती. काय होईल, म्हणजे परिणामांचा अंदाज. काय व्हायला हवं, म्हणजे कशाला आधी महत्त्व द्यायचं. आणि चौथा, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात: राबवणाऱ्यांवर विश्वास आहे का. दोन माणसं वेगवेगळ्या थरांवर उभं राहून बोलत असतील तर रात्र गेली तरी भेट होत नाही. एक म्हणतो, "वाहतूक कमी होईल." दुसरा म्हणतो, "हे अन्यायाचं आहे." दोघंही बरोबर असू शकतात, कारण एक अंदाजाबद्दल बोलतोय आणि दुसरा न्यायाबद्दल.

आता शुल्काचं उदाहरण या थरांवर उलगडून बघू.

वस्तुस्थिती: असं शुल्क नवं नाही. सिंगापूरने १९७५ मध्येच ते सुरू केलं, लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये. स्टॉकहोमने तर आधी चाचणी घेतली. जानेवारी ते जुलै २००६ असं सात महिने शुल्क लावलं, मग थांबवलं आणि सप्टेंबरमध्ये सार्वमत घेतलं. चाचणीच्या काळात शुल्काच्या हद्दीतून ये-जा करणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली होती. हे शोधून बघता येतं. या थरावर भांडायचं कारणच नाही, दोघांनी मिळून शोधायचं.

परिणामांचा अंदाज: तिथे झालं म्हणून इथे होईल का? तिथे शुल्क टाळणाऱ्याला बस आणि रेल्वे हाताशी होती. जिथे ती नाही तिथे लोक मुकाट्याने पैसे भरतील, किंवा हद्दीबाहेरच्या रस्त्यांवर कोंडी करतील. हा थर अनिश्चिततेचा आहे. इथे "होणारच" आणि "शक्यच नाही" ही दोन्ही टोकं खोटी असतात. "मला दहातले सहा वाटतं" असं म्हणून बघा. समोरच्यालाही आकडा विचारा. तो म्हणाला "चार", तर तुमच्यात फक्त दोनाचं अंतर आहे, आणि आवाज मात्र दहाचं असल्यासारखा चढला होता.

अग्रक्रम: सगळं मान्य केलं, वाहतूक घटेल हेही मान्य, तरी प्रश्न उरतो. ज्याच्या खिशाला शुल्क जाणवणारही नाही त्याला मोकळा रस्ता मिळावा आणि ज्याला जाणवतं त्याने गाडी घरी ठेवावी, हे चालेल का? याचं उत्तर कुठल्याही तक्त्यात नाही. स्टॉकहोम शहरात मतदारांनी थोडक्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला. आजूबाजूच्या ज्या नगरपालिकांनी स्वतःचं सार्वमत घेतलं तिथे एकूण कौल विरोधात गेला. वाहतुकीचे आकडे दोघांपुढे एकच होते. फरक होता तो मोकळी हवा कुणाला मिळते आणि पैसे कोण भरतो याचा. पुढे ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं, पण ज्यांनी विरोधात मत दिलं ते मूर्ख होते असं त्यावरून ठरत नाही.

विश्वास: आणि मग एखादा म्हणतो, "शुल्क ठीक आहे हो. पण तो पैसा बसवर खर्च होईल हे मला कोण लिहून देणार?" हा माणूस वरवर विरोधक दिसतो. प्रत्यक्षात तो जवळजवळ समर्थक आहे. त्याला हमी हवी आहे. त्याच्यापुढे प्रदूषणाची आकडेवारी मांडणं म्हणजे तहानलेल्याला जेवण वाढणं. त्याच्याशी हिशेब कुणी तपासायचा, खातं वेगळं ठेवायचं का, यावर बोलायला हवं. माझा अंदाज असा, की आपण ज्यांना तत्त्वाचे विरोधक समजतो त्यांतले बरेच जण या चौथ्या थरावर उभे असतात.

थर शोधायला सरळ विचारायचं: "समजा वाहतूक खरोखर कमी झाली, तर तुमचा विरोध राहील का?" "राहील" असं उत्तर आलं तर मुद्दा न्यायाचा किंवा विश्वासाचा आहे. "नाही राहणार" असं आलं तर अंदाजाचा. मग पुढचा प्रश्न: "समजा कमी उत्पन्नाच्या लोकांना सूट दिली, तर?" असे दोन-तीन "समजा" टाकले की गाठ सापडते. प्रश्न स्वतःलाही विचारायचे, आणि तेही मोठ्याने.

४. "असं का वाटतं?" आधी नको, "हे चालेल कसं?" आधी

"तुम्हाला असं का वाटतं?" हा प्रश्न कितीही गोड आवाजात विचारला तरी ऐकणाऱ्याला उलटतपासणी वाटू शकते. तो ठरलेली कारणं काढतो, आणि ती सांगता सांगता स्वतःच आणखी घट्ट होतो. त्याऐवजी यंत्रणा विचारा: "म्हणजे गाडी हद्दीत शिरली की पुढे काय होईल? पैसे कोण घेणार? न भरणाऱ्याचं काय?"

यामागे एक जुनं निरीक्षण आहे. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काईल यांनी २००२ मध्ये दाखवलं, की आपल्याला रोजच्या वस्तू कशा चालतात ते कळतं असं वाटत असतं, पण पायरी-पायरीने समजावून सांगायला लावलं की तो आत्मविश्वास ओसरतो. चेन, कुलूप, फ्लशची टाकी, काहीही घ्या. २०१३ मध्ये फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी हेच धोरणांवर करून पाहिलं आणि त्यांना लोकांची टोकाची मतंही थोडी मवाळ झालेली दिसली. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा मवाळ होण्याचा भाग दिसला नाही. तेव्हा "कसं" विचारलं की समोरचा विरघळतो असं समजू नका. मी तो प्रश्न वेगळ्याच कारणासाठी वापरतो: "कसं" याचं उत्तर देताना माणूस बाजू सोडून विषयाकडे बघू लागतो. निदान काही मिनिटं दोघांची तोंडं एका दिशेला होतात.

आणि आधी स्वतःवर करून बघा. मी शुल्काच्या बाजूचा. पाहुण्या गाड्यांकडून पैसे कसे घ्यायचे, हे मला पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा उत्तर आलं नव्हतं.

५. पूर्वपक्ष मांडा, आणि मंजूर करून घ्या

आपल्या शास्त्रचर्चेत उत्तर देण्याआधी प्रतिपक्षाचं म्हणणं पूर्वपक्ष म्हणून मांडायची पद्धत होती. विसाव्या शतकात अनातोल रापोपोर्ट या गणितज्ञाने संघर्षाचा अभ्यास करताना जवळजवळ हाच नियम सुचवला: समोरच्याचं म्हणणं असं मांडा, की त्याचं समाधान झालं पाहिजे, आणि त्याचं कुठे बरोबर आहे तेही सांगा. तुमचं खंडन त्यानंतर.

करायचं असं. तो बोलून झाल्यावर म्हणा, "थांबा, मला बरोबर कळलंय का बघा." मग त्याच्या बाजूने बोला. शेवटी विचारा, "काही सुटलं का?" तो "हो, हेच" म्हणेपर्यंत स्वतःची बाजू मांडायची नाही. सुटलेलं सांगितलं तर ते घालून पुन्हा मांडायचं.

पूर्वपक्ष वाईट कसा असतो ते बघा: "म्हणजे तुमचं म्हणणं, लोकांनी हवा तेवढा धूर करावा, पण तुमच्या गाडीला हात लावायचा नाही." यात शब्द माझे आहेत आणि टोमणाही माझा. आता चांगला: "तुमचं म्हणणं असं दिसतं, की ज्यांच्या घराजवळ बस येत नाही त्यांना गाडी ही चैन नाही. आधी पर्याय द्या, मग शुल्क लावा. उलट क्रमाने केलं तर भुर्दंड दूर राहणाऱ्यांनाच बसतो." हे ऐकून समोरचा थोडा दचकतो. विरोधकाने आपली बाजू आपल्याहून नेटकी मांडलेली कुणाला सवय असते?

हे नाटक म्हणून केलं तर लगेच कळतं. पूर्वपक्ष मांडताना आपल्याला पोटात थोडी कालवाकालव झाली पाहिजे. ती होत नसेल तर आपण अजून त्याची कमजोर बाजूच मांडतोय.

६. अग्रक्रमाच्या थरावर आकडे ठेवा खाली

मुद्दा तिसऱ्या थराचा आहे असं कळलं की साधनं बदलायची. समाजमानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांची मांडणी इथे कामाला येते. त्यांच्या मते माणसं नैतिक निर्णय घेताना वेगवेगळ्या आधारांवर उभी असतात: कुणाला इजा होऊ नये, न्याय व्हावा, आपल्या माणसांशी निष्ठा असावी, अधिकाराचा मान राहावा, काही गोष्टी पवित्र मानाव्यात, पुढे त्यांनी स्वातंत्र्याचीही भर घातली. प्रत्येकाचा भर वेगळा. आपल्या आधारावरून केलेला युक्तिवाद दुसऱ्या आधारावर उभ्या असलेल्याला ऐकूच येत नाही.

मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर यांनी २०१५ मध्ये हे तपासलं. समलिंगी विवाहाचं समर्थन समानतेच्या भाषेपेक्षा देशभक्तीच्या भाषेत मांडलं तेव्हा ते परंपरावाद्यांना जास्त पटलं. लष्करी खर्चाचं समर्थन न्यायाच्या भाषेत मांडलं तेव्हा उदारमतवाद्यांना. आणि गंमत अशी, की विरोधकांना पटवा असं सांगूनही बहुतेकांनी स्वतःच्याच मूल्यांच्या भाषेत लिहिलं. शुल्काचं बोलायचं तर स्वातंत्र्याला जपणाऱ्याशी प्रदूषणावर बोलण्यापेक्षा "स्वतःचा वेळ विकत घ्यायची मुभा" म्हणून बोलता येतं. पण ते तुम्हाला स्वतःला निदान अर्धं तरी पटलेलं असावं, नाहीतर ती विक्री झाली.

याहून खोल जातात ते अनुभव. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कार्यकर्ते मायामीत दारोदार गेले आणि पारलिंगी व्यक्तींबद्दल सुमारे दहा मिनिटं बोलले. भाषण केलं नाही. "तुम्हाला कधी कुणी वेगळं म्हणून वागवलंय का?" असं विचारलं आणि ऐकलं. पूर्वग्रहात झालेली घट तीन महिन्यांनंतरही टिकून होती. पुढच्या अभ्यासात त्यांनी ही चूक-बरोबर न ठरवता अनुभव ऐकण्याची देवघेव काढून फक्त युक्तिवाद ठेवले, तेव्हा परिणाम दिसेनासा झाला.

म्हणून विचारा: "हा विषय तुम्हाला एवढा लागायला कधीपासून लागला?" उत्तरात बहुतेक वेळा धोरण नसतंच, एखादा माणूस असतो. आजारी वडिलांना रोज गाडीने दवाखान्यात नेणारा मुलगा शुल्काबद्दल काय बोलतो ते ऐकलंत की कुठला अपवाद धोरणात असायला हवा हेही कळतं.

७. आकडे वापरायचेच असतील तर

आधी एक थंड पाण्याचा हबका. येलचे डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक अमेरिकी लोकांना एक तक्ता दिला. तक्ता त्वचेच्या मलमाचा आहे असं सांगितलं तेव्हा गणितात तरबेज लोकांनी तो जास्त अचूक वाचला. आकडे तेच ठेवून तो बंदूकबंदीचा आहे असं सांगितलं तेव्हा तरबेज लोकांतच राजकीय फाटाफूट सर्वांत जास्त झाली. हुशारी आपल्याला सत्याकडे नेतेच असं नाही. आवडीच्या उत्तराला वकील पुरवायलाही ती उपयोगी पडते. हे समोरच्याबद्दल वाचून मान डोलावली असेल, तर परत एकदा स्वतःबद्दल वाचा.

एका वेळी एक आकडा. तो कुठून आला, कोणत्या वर्षाचा, आणि टक्के असतील तर कशाचे, हे सोबत सांगायचं. समोरच्याच्या आकड्यालाही हेच प्रश्न, त्याच आवाजात.

तज्ज्ञ आपल्याच बाजूने आहेत अशी खात्री झाली असेल तर किमान वेतनाचा इतिहास आठवा. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९४ मध्ये न्यू जर्सीतल्या वेतनवाढीचा अभ्यास छापला. तिथल्या फास्ट फूड दुकानांतला रोजगार घटल्याचं त्यांना आढळलं नाही. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी दुसरी आकडेवारी घेऊन उलट निष्कर्ष काढला, आणि २००० मध्ये दोन्ही बाजू एकाच नियतकालिकात समोरासमोर आल्या. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं तरी ती चर्चा चालूच आहे.

चुकीची माहिती दुरुस्त केली की माणूस उलट जास्त हट्टी होतो, अशी भीती २०१० च्या एका गाजलेल्या अभ्यासानंतर पसरली होती. पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी पन्नासहून अधिक विषयांवर तपासलं तेव्हा असं उलटणं जवळजवळ दिसलंच नाही. तेव्हा दुरुस्त करा. पण एकांतात, थोडक्यात, आणि "तुम्हाला फसवलंय कुणीतरी" असं न म्हणता. "मीही हेच ऐकलं होतं, मग मूळ अहवाल बघितला तर वेगळं निघालं" एवढं पुरतं. अर्थात हे खरं असेल तरच म्हणायचं.

८. जिभेवरचे काही शब्द

"तुम्ही लोक" हा शब्दप्रयोग आजच टाकून द्या. तो उच्चारला की समोरच्या एका माणसाच्या जागी एक अख्खी जमात उभी राहते, आणि तीही आपल्या कल्पनेतली. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दोन्ही पक्षांच्या समर्थकांना विरोधी बाजूतले टोकाच्या मताचे लोक प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट वाटत होते.

"तेव्हा कुठे होतात तुम्ही?" हाही तसाच. त्याचं उत्तर दिलं तरी शुल्काचा प्रश्न जागच्या जागीच. तो तुमच्यावर आला तर "तो प्रश्न योग्य आहे, त्यावर वेगळं बोलू, आत्ताचं आधी संपवू" म्हणा आणि खरोखर नंतर बोला. "साधी गोष्ट आहे", "उघड आहे", "कुणीही सांगेल" यांचा अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत "तू ढ आहेस" असाच पोचतो. आणि "जाऊ दे, तुला नाही कळणार" याबद्दल काही लिहायला नको.

हार्वर्डच्या ज्युलिया मिन्सन आणि सहकाऱ्यांनी असहमतीच्या संवादांत कोणती भाषा समोरच्याला मोकळी वाटते ते शोधलं. निघालं ते साधंच होतं: "बहुधा", "काही वेळा" असे शब्द, जिथे पटतं ते बोलून दाखवणं, त्याचं म्हणणं ऐकल्याची पोच, आणि "नाही", "पण" यांचा मारा कमी करणं. मराठीत "पण" फार धारदार आहे. "तुमचं बरोबर आहे, पण..." यातलं पहिलं अर्धं कुणी ऐकतच नाही. "तुमचं बरोबर आहे. मला अडतं ते इथे..." असं करून बघा.

९. तापलं तर, आणि उठावं कधी

आवाज चढला की मुद्दा सोडा आणि जे झालं त्याचं नाव घ्या: "मी आत्ता जरा चिडून बोललो." समोरच्याला "चिडू नका" म्हणणं म्हणजे तेल ओतणं. थांबायचं असेल तर परत कधी बोलायचं ते सांगून थांबा, म्हणजे ते पळ काढणं वाटत नाही.

काही वेळा बसूच नये. समोरचा एखाद्या समूहाला माणूस म्हणूनच मोजत नसेल आणि तो समूह तुमचा असेल, तर त्याचं शिक्षण करणं तुमच्या गळ्यात कुणी घातलेलं नाही. ज्याच्या हातात तुमची नोकरी आहे त्याच्याशीही मोकळा वाद होत नाही, एकालाच किंमत मोजावी लागते. दारू प्यायलेल्या माणसाशी, किंवा आपण प्यायलेलो असताना, कुठल्याच थरावरचं काही निघत नाही.

१०. गटात बोलायचं असेल तर

दोघांचे नियम वीस जणांना पुरत नाहीत. तिथे रचना लागते. आयर्लंडची नागरिक सभा हा यातला अभ्यासण्यासारखा नमुना आहे. २०१६ पासून ९९ सामान्य नागरिक चिठ्ठी काढल्यासारखे यादृच्छिक निवडले, अध्यक्षपदी न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. गर्भपातबंदीच्या घटनादुरुस्तीसारखा जळता विषय पाच शनिवार-रविवारांत हाताळला. तज्ज्ञ आणि दोन्ही बाजूंचे लोक येऊन बोलत, मग नागरिक छोट्या गोल टेबलांवर चर्चा करत, प्रत्येक टेबलावर संवाद सांभाळणारा आणि टिपणं घेणारा असे. पुढे २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्क्यांनी बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिलं. निकाल आवडो न आवडो, ती बैठकव्यवस्था उचलण्याजोगी आहे.

सोसायटीच्या किंवा संस्थेच्या बैठकीत यातलं एवढं करता येतं: सहा-सात जणांचे गट, ज्याचं मत ठरलेलं नाही असा संचालक, कुणी दुसऱ्यांदा बोलण्याआधी सगळ्यांचं एकदा बोलून व्हायला हवं हा नियम, आणि सुरुवातीची पाच मिनिटं प्रत्येकाने आपलं मत कागदावर लिहिणं, म्हणजे पहिला मोठ्याने बोलणारा सगळ्यांना ओढून नेत नाही. मुद्दाम कुणाला विरोधकाची भूमिका वठवायला लावू नका. खरा विरोधक शोधून बोलवा.

११. संपवायचं कसं

उठण्याआधी दोघांनी मिळून एक वाक्य लिहा: "आपला मतभेद इथे आहे." ते दोघांना मंजूर हवं. मत बदललं का, हे त्या दिवशी विचारू नका. बदलत असेल तर ते नंतर, एकट्याने, आंघोळ करताना वगैरे बदलतं.

त्या "बरं" म्हणणाऱ्या मित्राशी मी अखेर शुल्कावर बोललो तेव्हा आम्हाला दीड तास लागला. वाहतूक घटेल हे त्याला आधीपासूनच मान्य होतं, मी ते कधी विचारलंच नव्हतं. शेवटी त्याने एका पाकिटाच्या मागे लिहिलं: "बससेवा वाढल्याचं दिसल्याशिवाय शुल्क नको, मी म्हणतो. शुल्काशिवाय बसला पैसा येणार नाही, तू म्हणतोस. कोणी आधी पाऊल टाकायचं यावर अडलंय." मग त्याने विचारलं, एक वर्ष चाचणी घेतली आणि बस वाढल्या नाहीत तर शुल्क आपोआप रद्द, असं लिहून दिलं तर? मी म्हटलं, रद्द करायचं ठरवणार कोण? त्यावर पुढच्या आठवड्यात बसायचं ठरलंय.